शॉक वेव्हच्या मागं काय होतं: कालच्या प्रतिक्रियेला उत्तर

शॉक ट्यूबवरच्या (दाबलेल्या वायूनं मधला पडदा फाडून नळीत दाबाची जोरदार लाट, म्हणजे शॉक वेव्ह, सोडायचं यंत्र) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. तुम्ही लिहिलंय, "शॉकच्या मागं रेणू कंपनाची ऊर्जा घेतात, गमावत नाहीत, एवढंही कळत नसेल तर खानापूरच्या मास्तरांनी शॉक ट्यूबवर लिहू नये. शिवाय गॅसमधल्या ओलाव्याचं काय?"

माझ्या शीर्षकात 'कंपनं कशी विझतात' होतं, तो शब्द घाईत गेला, मान्य, आज बदललाय. पण 'खानापूरच्या मास्तरांनी' हे काय ओ? ३१ वर्षं फिजिक्स शिकवलंय मी, कन्नड पाट्यांच्या गावात मराठी मिडियमच्या पोरांना, लाइट गेली की फळा खिडकीकडं ओढून. आणि शॉक ट्यूब बघितलीय, बंगळूरला, समोर उभं राहून. हेलियमचा दाब चढत जातो आणि मधला ॲल्युमिनियमचा पडदा फाटतो तेव्हा आवाज छातीत बसतो. पडद्यावर आधीच फुलीची खाच मारलेली असते म्हणून तो चार पाकळ्यांत उघडतो. तसला एक फाटका पडदा मी मागून आणला, आत्ता माझ्या टेबलावर आहे. तुम्ही हातात धरलाय का कधी?

बरं, तुमचं ते वाक्य. शॉक गेल्यावर रेणूंचं पळणं आणि फिरणं थोड्याच टकरींत तापतं, कंपनं, म्हणजे रेणूतल्या अणूंचं आतबाहेर हलणं, मागं राहतात. ती जोडीला यायला नायट्रोजनला ३००० केल्विनच्या आसपास, १ वातावरण दाबाला, ५० ते १०० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात कंपनं पळण्यातली ऊर्जा ओढून घेतात, तापमान जरा उतरतं, घनता वाढत जाते, आडवा सोडलेला लेसरचा किरण किंचित वाकतो, त्या वाकण्यावरनं तो वेळ काढतात. म्हणजे मोजतात चढणं, तुमचं बरोबर. पण चढायचा आणि उतरायचा वेग तापमानानं एकमेकांना बांधलेले असतात, एक मिळाला की दुसरा हिशोबानं निघतो, एका टकरीत कंपन विझायची शक्यता अशीच काढतात, लँडाउ आणि टेलर या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९३६ च्या सिद्धांतापासनं. हे मी लेखात लिहिलं होतं, चौथ्या परिच्छेदात. तुम्ही शीर्षकावरच थांबलात.

ओलाव्याचं पुढच्या लेखात येईल, त्या लेखातच तसं लिहिलंय. चूक दाखवा, शंभरदा दाखवा, दुरुस्त करीन. गाव काढायचं कारण नव्हतं.