गंजलेली चेन व्हिनेगरमध्ये ठेवली की नवी होते? – खुलासा

सायकलची गंजलेली चेन रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी ती नव्यासारखी चालते, असा संदेश फिरतो आहे. कृपया तो पुढे पाठवू नका. चेन चकाकते एवढंच त्यात खरं आहे.

व्हिनेगरमधलं आम्ल गंज विरघळवतं, पण जास्त वेळ ठेवलं तर चांगलं पोलादही खातं. शिवाय जुनं तेल निघून जातं आणि कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावर फिरणारा रोलर यांच्या फटीत ओल राहिली की पुन्हा तांबूस थर चढतो.

मुख्य म्हणजे, झिजलेली चेन कशात भिजवूनही भरून येत नाही. स्टीलची पट्टी घ्या, चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नव्या चेनला हे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरतं. ३०७ च्या पुढे गेलं असेल तर चेन बदला, नाहीतर ती दातेरी चक्रंही खाऊन टाकेल आणि खर्च वाढेल.

माप ठीक असेल तर गिअरच्या सायकलवर पेडल उलटं फिरवून मागच्या गिअर यंत्रणेतल्या छोट्या दातेरी चाकांकडे बघा. जाम झालेली कडी तिथून वळताना उडी मारते. तिला तेल देऊन दोन्ही हातांनी आडवी वाकवत राहा, बहुतेक वेळा ती सुटते. वरवरचा गंज ब्रश आणि डिग्रीझरने (तेलकट मळ काढणाऱ्या द्रवाने) निघतो. मग चेन पूर्ण वाळवा, प्रत्येक रोलरवर चेनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि बाहेरचं तेल फडक्याने पुसून काढा, कारण त्यालाच धूळ चिकटते.