सीआरपी उतरला, मग आबा का गेले? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि तो राग मला समजतो. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तुमच्या आबांचा सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन, १४२ होता. टोसिलिझुमॅब हे दाह रोखणारं औषध दिल्यावर दोन दिवसांत तो ३६ वर आला. दवाखान्यात सांगितलं, 'सूज उतरतेय, पेशंट सुधारतोय.' तिसऱ्या दिवशी आबा गेले. आणि मी लेखात म्हणतो, सीआरपी म्हणजे फुफ्फुस नव्हे. तुम्ही विचारता, मग खोटं कोण, रिपोर्ट की डॉक्टर? मी डॉक्टर असल्यामुळे डॉक्टरांना पाठीशी घालतो, आणि असं वाचून खेड्यातली माणसं तपासण्याच करणार नाहीत, असंही तुमचं म्हणणं आहे.

रिपोर्ट खोटा नव्हता. सीआरपी फुफ्फुसात तयारच होत नाही, तो यकृतात तयार होतो. शरीरात कुठेही दाह पेटला की इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताला पोचतो आणि यकृत सीआरपी रक्तात सोडायला लागतं. टोसिलिझुमॅब नेमका हाच निरोप अडवतं. निरोप थांबला की सीआरपी बनणं थांबतं, आणि रक्तात आधीच असलेला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो. आता हिशोब करा. १४२ चे ७१, ७१ चे ३६. लागले किती तास? ३८. म्हणजे आबांचं फुफ्फुस तसूभर सुधारलं नसतं तरी आकडा जवळपास इतकाच उतरला असता. औषध यकृतापर्यंत पोचलं, एवढंच तो ३६ सांगत होता.

फुफ्फुसाचं काम वेगळ्या गतीने चालतं. विषाणूच्या गंभीर न्यूमोनियात वायुकोशांच्या आतलं अस्तर मरतं, आत प्रथिनांनी दाट झालेलं पाणी साचतं, त्याचा पापुद्रा भिंतींना चिकटतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. दाह पूर्ण विझला तरी हे सगळं जागेवरच असतं. नवं अस्तर यायला आठवडे लागतात, काहींच्या बाबतीत तिथे कायमचा व्रण राहतो. यातलं काहीही सीआरपीमध्ये दिसत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत मी जिथे थांबलो ती ओळ शेवटची आहे. तुम्ही सहज लिहून गेलात: 'ऑक्सिजन तर ९४ च होता, फक्त बायपॅपचा ऑक्सिजन ६० टक्क्यांवरून ९० टक्के केला होता.' (बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने ऑक्सिजन देणारं यंत्र.) भाऊ, आबांचा खरा रिपोर्ट ही ओळ आहे. मॉनिटरवरचा ९४ हा एकटा आकडा काही सांगत नाही. तो ९४ किती ऑक्सिजन देऊन मिळाला, ते बघावं लागतं. आपण साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन घेतो. निरोगी माणसाचं ९८ भागिले ०.२१ केलं तर सुमारे ४६७ येतात. आबांचं पहिल्या दिवशी ९४ भागिले ०.६, म्हणजे १५७. नंतर ९४ भागिले ०.९, म्हणजे १०४. मॉनिटर तोच आकडा दाखवत होता, सीआरपी उतरत होता, आणि फुफ्फुसाची ताकद एक तृतीयांशाने घटली होती.

आयसीयूत हाच हिशोब मनगटाच्या धमनीतलं रक्त काढून जास्त नेमका करतात. एआरडीएस, म्हणजे फुफ्फुस अचानक निकामी होण्याचा आजार, ठरवायच्या २०१२ च्या बर्लिन व्याख्येत ते गुणोत्तर ३०० पर्यंत आलं की आजार धरतात आणि १०० किंवा त्याखाली गेलं की गंभीर म्हणतात. धमनीचं रक्त तपासायची सोय नसेल तिथे बोटावरच्या यंत्राचा आकडा घेऊन गणित करायला त्याच आजाराच्या २०२३ च्या जागतिक व्याख्येने मान्यता दिली आहे. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता तपासण्यांचं. तपासणी करू नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. कोरोनाच्या औषधांची चाचणी घेणाऱ्या ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये टोसिलिझुमॅबसाठी सीआरपी किमान ७५ ही अटच होती. पण सोबत दुसरीही अट होती: ऑक्सिजन ९२ च्या खाली, किंवा ऑक्सिजन लावलेला. दोन्ही जुळलेल्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. त्याच ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणले, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. स्टेरॉइड द्यायचं की नाही हे फुफ्फुसाने ठरवलं, सीआरपीने नव्हे. आपल्याकडे मात्र ऑक्सिजन ९७ असताना, सीआरपी ४० आला म्हणून तिसऱ्याच दिवशी घरी स्टेरॉइड सुरू केलेली माणसं मी पाहिली. त्यांत मधुमेही कितीतरी होते. वॉर्डाबाहेर नातेवाईक एकमेकांना एकच विचारायचे, 'सीआरपी कितला उना?' (किती आला?) ऑक्सिजन किती लिटरवर आहे, हे कुणी विचारत नव्हतं, कारण आम्ही ते कुणाला शिकवलंच नव्हतं.

दोन गोष्टी जाता जाता. काही लॅब सीआरपी लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. एकाच रक्ताचा आकडा दहापट वेगळा दिसतो, तेव्हा शहाद्याचा रिपोर्ट धुळ्याच्या रिपोर्टशी ताडताना एकक आधी बघा. दुसरं, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सिकलसेलच्या रुग्णांत लाल पेशी सतत फुटत असतात, त्यामुळे त्यांचं एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) एरवीही चढलेलं असतं. वारंवार रक्त चढवलं असेल तर फेरिटिनही (लोह साठवणारं प्रथिन). कोरोनात हे दोन्ही आकडे सीआरपीसारखेच दाहासाठी बघितले जायचे. अशा पोरांचा 'दाह वाढला' असं नुसत्या कागदावरून ठरवू नये, त्यांचा एरवीचा आकडा माहीत असायला हवा.

राहिला पाठीशी घालण्याचा आरोप. आबा वाचले असते का, हे तीन आकड्यांवरून मी सांगणार नाही. त्या लाटेत ९० टक्के ऑक्सिजनवर गेलेली फार थोडी माणसं परत आली. पण 'पेशंट सुधारतोय' हे तुम्हाला सांगायला नको होतं, हे मी स्पष्ट म्हणतो. सांगणाऱ्यासमोर दोन्ही आकडे होते, त्याने चांगला तेवढा सांगितला. तुम्हाला दुसराही कळला असता तर त्या दोन दिवसांत तुम्ही बहिणीला सुरतेहून बोलावून घेतलं असतं, असं तुम्हीच लिहिलंय.

'सीआरपी म्हणजे फुफ्फुस नव्हे' हे वाक्य मी लेखातून काढणार नाही, तुमची प्रतिक्रियाही तशीच राहील. मूळ लेखात भागाकाराचं हे गणित घालायचं आहे. तुमची हरकत नसेल तर आबांचेच आकडे वापरतो, नाव-गाव न लिहिता. नको असेल तर तसं कळवा, दुसरे घेईन.