टूथपेस्टने हेडलाइट उजळतो, पण टिकत नाही

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज पुन्हा फॅमिली ग्रुपवर येतो. मजकूर थोडाफार बदलतो, दावा तोच: ‘हेडलाइटची काच पिवळी पडली? शोरूमवाले हजारो रुपये उकळतात. घरची टूथपेस्ट १० मिनिटं घासा, नसेल तर डास पळवायचं क्रीम चोळा, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा. नव्यासारखी काच, वर्षभर बघायला नको.’ सोबत व्हिडिओ असतोच. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, एक खरोखर नुकसान करणारं आहे. त्यामुळे मुद्दे सुटे करूनच बोलू.

पहिलं म्हणजे, ‘काच’. अॅम्बॅसिडर, पद्मिनी, जुनी मारुती ८०० यांना काचेचे दिवे होते. त्यांचे रिफ्लेक्टर गंजले, पण काच कधी पिवळी पडली नाही. आजच्या गाड्यांवर पॉलिकार्बोनेट असतं. हे प्लास्टिक दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण ओरखडे पटकन धरतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतं. म्हणून कारखान्यातच त्यावर कडक, पारदर्शक कोटिंग दिलेलं असतं. काही वर्षांत ते ऊन खाऊन पिवळं पडतं, तडकतं, सोलवटतं आणि मग खालचं प्लास्टिकही उघड्यावर येतं. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर उन्हाकडचा दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त पिवळा दिसतो, तो यामुळेच. हा मळ नाही. पृष्ठभागच झिजलेला आहे.

आता टूथपेस्ट. तिच्यात दातांवरचा थर काढायला सिलिका किंवा चॉकची बारीक भुकटी असते, म्हणजे ती सौम्य पॉलिशच झाली. वरचा पिवळा थर थोडा निघतो आणि दिवा उजळतो, हे मान्य. पण घासताना उरलंसुरलं कोटिंगही झिजतं आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. उघडं प्लास्टिक पुन्हा उन्हात गेलं की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, धुरकटपणा परत येतो.

व्हिडिओत एक गोष्ट नीट बघा: ‘नंतर’चा दिवा बहुतेक वेळा ओला असतो. धुरकट हेडलाइटवर नुसतं पाणी मारलं तरी तो स्वच्छ दिसतो, कारण पाणी बारीक ओरखड्यांत भरतं आणि प्रकाश विखुरत नाही. सुकला की खरं रूप कळतं. खोबरेल तेल, डिझेल, गंज काढायचे स्प्रे यांची जादूही एवढीच. पाणी मिनिटांत उडतं, तेल थोडं जास्त टिकतं आणि वर धूळ धरतं.

डासांच्या क्रीमबद्दल मात्र मला मनापासून राग आहे. अशा बऱ्याच क्रीम आणि स्प्रेमध्ये डीट नावाचं रसायन असतं. ते प्लास्टिक मऊ करतं, विरघळवतं. घड्याळाच्या प्लास्टिकवर, चष्म्याच्या फ्रेमवर लागू देऊ नका असं सांगतात ते म्हणूनच. हेडलाइटवर चोळलं की वरचा थर विरघळून एकसारखा होतो आणि दिवा लखलखतो. मग तोच भाग चिकट होतो, पुन्हा ढगाळतो, कधी बारीक तडे जातात. ओघळ बॉनेटवर गेला तर रंगही खराब होऊ शकतो.

‘घरी करता येतं’ हे खरं आहे, पण १० मिनिटांत नाही. अर्धा दिवस ठेवा, सावलीत करा. दिवा साबणाने धुवा, भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावा, कारण वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) एकदा रंगावर गेला की गेला. पेपर आणि दिवा सतत ओला ठेवून ८०० किंवा १००० नंबरने सुरुवात करा. आधी पिवळसर दुधाळ पाणी ओघळतं, ते जुनं कोटिंग. पाणी पांढरं होईपर्यंत आणि संपूर्ण दिवा एकसारखा मॅट दिसेपर्यंत थांबू नका. या टप्प्यावर तो आधीपेक्षा वाईट दिसतो, तिथेच लोक घाबरून सोडतात. मग १५००, २०००, ३०००, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवं घासत. शेवटी रबिंग कंपाउंड आणि पॉलिश.

यानंतरचा टप्पा मेसेजमध्ये कधीच नसतो, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे: अतिनील किरणांपासून वाचवणारं नवीन कोटिंग. पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि हेडलाइटसाठीचं पुसून लावायचं कोटिंग द्या. ते वाळेपर्यंत पाणी लागू देऊ नका. हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, म्हणजे टू-के क्लिअर, जास्त टिकतो, पण त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतात आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. ते काम पेंटरकडे द्या.

राहिलं ‘नव्यासारखी’. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये मोजमाप केलं. खराब झालेल्या दिव्यांचा लो बीम नव्याच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश देत होता. साफ केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. मूळ कंपनीचे नवे दिवे लावल्यावर पूर्ण १०० टक्के. म्हणजे मेहनत वाया जात नाही, पण नवा तो नवाच. कशेडी घाटात पावसात समोरचा कठडा शोधताना हा फरक कळतो.

आतून पाणी धरलेलं असेल, रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल किंवा तडे आतल्या बाजूने असतील, तर बाहेरून कितीही घासून फायदा नाही. अशा वेळी प्रकाश वाढवायला १०० वॉटचा बल्ब टाकू नका. त्याच्या उष्णतेने होल्डर आणि वायरिंग जळतात, आणि धुरकट दिव्यातून तोच प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. असेंब्लीच, म्हणजे अख्खा दिवाच बदला, आणि बदलल्यावर भिंतीसमोर गाडी लावून बीमची उंची जुळवून घ्या.