रात्रीची उजळणी: प्रार्थना की समुपदेशन?

मास्तरांनी थेट वादाला तोंड फोडलं. “श्वासाकडे बघा, अंगातल्या संवेदना टिपा, भावनेला नाव द्या. हे समुपदेशकाचं काम झालं. यात प्रार्थना कुठे आहे?”

विषय होता फादर अँथनी डिमेलोंचा. १९३१ साली मुंबईत जन्मलेले हे येशूसंघीय, म्हणजे जेझुइट धर्मगुरू. लोणावळ्याच्या साधना संस्थेचं नाव त्यांच्याशी जोडलेलं. पूर्वेकडची ध्यानपद्धती आणि शिकागोत शिकलेलं मानसशास्त्र त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत आणलं. ते वारल्यावर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणाबद्दल इशारा दिला: यात येशू अनेक गुरूंपैकी एक होऊन बसतो. मास्तरांचा आक्षेपही तोच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

“पण मनाकडे बघणं डिमेलोंनी नवं आणलेलं नाही,” मावशी म्हणाल्या. “सोळाव्या शतकात येशूसंघाच्या संस्थापकाने, संत इग्नेशियसनेच रोजची उजळणी सांगितली, म्हणजे सरलेल्या दिवसाकडे प्रार्थनेत वळून बघणं. आधी आभार, मग प्रकाशाची याचना, मग दिवसाकडे नजर, मग क्षमा, शेवटी उद्याचा निश्चय.”

“म्हणजे पापांची वहीच ना?”

“वही झाली की बिघडलंच,” डॉक्टर म्हणाले. मनोविकारांवरच उपचार करतात ते. “लोक आभाराची पायरी गाळतात आणि थेट चुकांवर येतात. पंधरा मिनिटांतली पाच तरी आभाराला द्या, तीही नेमकेपणाने. ‘कुटुंबाबद्दल आभार’ असं मोघम नको. ‘शेजारणीने पाणी भरून ठेवलं’ असं हवं. मग जीव कुठे हलका झाला आणि कुठे आक्रसला, ते बघा. सगळा दिवस उकरू नका. एकच प्रसंग घ्या.”

“आणि त्या प्रसंगाबद्दल प्रभूशी बोला,” मावशींनी जोडलं. “मास्तर, प्रार्थना तिथे आहे. बोलणं झालं नाही, तर तुमचा आक्षेप मला मान्य.”

“पण ज्याला मंत्रचळ आहे, तीच तीच शंका मनात घोळत राहते,” डॉक्टर पुढे म्हणाले, “त्याला ही उजळणी अशा रूपात देऊ नये. तो तेच पाप पुन्हा पुन्हा कुमसारात, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली देताना, सांगतो. क्षमा मिळाली की घटकाभर बरं वाटतं, पण त्या दिलाशाचीच सवय लागते आणि शंका वाढते. खुद्द इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी याच छळाने जीव द्यायच्या विचारापर्यंत गेला होता. जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवलं, तेव्हा सुटला. आमच्या उपचारातही दिलासा मागायचं थांबवायलाच शिकवतात.”

“मग अशा माणसाने करायचं काय?”

“एकच फादर धरायचा. ‘हे झालंय, पुन्हा नको’ असं त्यांनी म्हटलं की विषय बंद. आणि सोबत उपचार.”

मास्तर जरा नरमले, पण हटले नाहीत. “उदास वाटलं की हल्ली सगळेच ‘प्रार्थनेतला कोरडा काळ’ म्हणून गप्प बसतात.”

यावर मात्र दोघंही त्यांच्या बाजूने. उदासीत आधीचा निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसचा नियम. नोकरी सोडणं, नातं तोडणं, व्रत मोडणं तेव्हा नको. पण दोन आठवडे रोज मन खिन्न, झोप-भूक उडालेली, कशात रस नाही, तर त्याला कोरडा काळ म्हणत बसू नये. डॉक्टर गाठावा. मरणाचे विचार आले तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी जावं.

“आणि डोळे मिटून श्वासाकडे बघताना धडधड वाढली तर?” मास्तरांनी विचारलं.

“डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, स्तोत्र मोठ्याने म्हणा,” मावशी म्हणाल्या. “मौन तेव्हा सक्तीचं नाही.”

“स्तोत्र असेल तर मी येतो,” मास्तर म्हणाले. “डिमेलोंवर मात्र उद्या पुन्हा बोलू.”