पहिला आकडा खोडू नका

मेट्रो, ट्राम किंवा बस-मार्गिकेसारखा प्रकल्प शहराच्या अंदाजपत्रकात आला की सगळे यंदाची तरतूद किती ते बघतात. मी म्हणतो, मंजुरीच्या दिवशीचा आकडा शोधा. बहुतेकदा तो सापडतच नाही. दरवर्षी ‘सुधारित अंदाज’ येतो, त्याची तुलना मागच्या सुधारित अंदाजाशी होते आणि वाढ दरवेळी थोडकीच दिसते. मूळ आकडा कागदावरून गेला की जाब कशाच्या आधारावर विचारायचा?

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या ट्रामचं प्रकरण प्रत्येक नगरसेवकाने वाचावं. २००८ मध्ये कंत्राट झालं तेव्हा खर्च ५४.५ कोटी पौंड धरला होता. रस्त्याखालच्या पाण्याच्या, गॅसच्या वाहिन्या हलवायचं काम उरकलेलं नव्हतं, आराखडेही अपुरे होते, तरी सह्या झाल्या. मग कंत्राटदाराशी वाद, काम ठप्प. २०१४ मध्ये ट्राम धावली ती ठरल्यापेक्षा तोकड्या मार्गावर, आणि खर्च ७७.६ कोटी. त्याच वर्षी जाहीर झालेल्या चौकशीचा अहवाल आला सप्टेंबर २०२३ मध्ये! महापालिकेने ट्रामसाठी काढलेली कंपनी तोवर कधीच गुंडाळली गेली होती. इतक्या उशिरा ठरलेल्या दोषाचा करदात्याला काय उपयोग?

त्याच शहरात राहिलेला न्यूहेवनपर्यंतचा टप्पा जून २०२३ मध्ये सुरू झाला, ठरलेल्या २०.७ कोटींच्या आत. म्हणजे हे जमतं.

हा एका शहराचा दोष नाही. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिवबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्के जास्त निघाला, आणि सत्तर वर्षांत अंदाज काही सुधारले नव्हते. चुका नुसत्या अजाणतेपणाच्या असत्या तर काही अंदाज जास्तही निघाले असते, काही कमीही. इथे जवळपास सगळे एकाच बाजूला झुकलेले. मंजुरी मिळावी म्हणून आकडा लहान दाखवला जातो, असंच त्यातून दिसतं, आणि मला राग येतो तो याचाच. भांडवली खर्चाच्या गाजावाजात गाड्या चालवण्याचा, दुरुस्तीचा, पगाराचा खर्च तर कुणी मांडतही नाही. तो पुढे दरवर्षी महसुली खात्यावर बसतो आणि तूट भरून काढायला बसफेऱ्या कमी होतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक अंदाजपत्रकात प्रकल्पाच्या नावासमोर मंजुरीचा मूळ खर्च, पूर्ण व्हायची मूळ तारीख, अपेक्षित प्रवासीसंख्या आणि मंजुरी देणाऱ्यांची नावं छापा. आजचा आकडा त्याच्या शेजारी द्या. सेवा सुरू झाल्यावरही पाच वर्षं हे चालू ठेवा, कारण प्रवासी खरंच आले का ते तेव्हाच कळतं. आणि ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च गेला की पुढचा हप्ता देण्याआधी स्वतंत्र लेखापरीक्षण सभागृहासमोर आलंच पाहिजे, काम चालू असतानाच. पुढच्या अंदाजपत्रकी सभेआधी आपापल्या नगरसेवकाला एवढंच लेखी विचारा: पहिला आकडा किती होता?