माग उभा राहीपर्यंत डिझायनरनं काय करावं

पूर ओसरला की आठवड्याभरात मेसेज फिरायला लागतात. विणकरांसाठी नवं कलेक्शन करतोय, कल्पना पाठवा, सोबत या. भावना खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण त्या आठवड्यात खड्डामागाचा, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून चालवायच्या मागाचा, खड्डा गाळानं भरलेला असतो, पायानं दाबायच्या लाकडी पावड्या फुगलेल्या असतात, धागे ओळीत धरणाऱ्या फणीला गंज धरायला लागलेला असतो. अशा घरात नव्या नक्षीचा कागद नेऊन काय होणार? डिझायनरला मोजायची, क्रम लावायची, एका पानावर मांडायची सवय असते. पहिले दोन-तीन महिने त्याच्या चित्रकलेपेक्षा ही सवयच जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे.

केरळातलं चेंदमंगलम घ्या. एर्नाकुलम जिल्ह्यातलं हे हातमागाचं गाव, इथल्या धोतरांना आणि सेट-मुंडूला (बायकांचं दोन तुकड्यांचं वस्त्र) जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे. ऑगस्ट २०१८ चं पाणी शिरलं ते ओणमच्या तोंडावर, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी विक्री समोर असताना. तयार माल, मागावरचा ताणा (उभे धागे) आणि घरातलं सूत, तिन्ही एकदम भिजलं.

तिथे लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारयिल यांनी खराब झालेल्या साड्यांच्या बाहुल्या करायची कल्पना काढली. नाव ठेवलं चेकुट्टी: मल्याळममध्ये चेरु म्हणजे चिखल, कुट्टी म्हणजे मूल. जी साडी फार तर १,३०० ते १,५०० रुपयांना गेली असती, तिच्यातून ३६० बाहुल्या निघायच्या. एक बाहुली २५ रुपयांना, म्हणजे साडीमागे ९,००० रुपये. हा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. बाहुल्या विणकरांनी केल्या नाहीत, ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी केल्या. विणकराचा वेळ मागासाठी मोकळा राहिला आणि पैसा मात्र त्याच्याकडे गेला. मदतीच्या नावाखाली विणकरालाच पिशव्या शिवायला बसवणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

बाहुल्यांवर डाग तसेच ठेवले, हेही बरोबरच होतं. कापड जंतू मरावेत म्हणून क्लोरीनच्या पाण्यात उकळलं, पण त्यानं मातीचा डाग जात नाही. तांबूस मातीत लोह असतं आणि क्लोरीन लोहाचा डाग काढत नाही, उलट पक्का करू शकतं. जास्त वापरलं तर सुती धागा कमजोर होतो आणि जरीचा धागा काळा पडतो. म्हणून भिजलेला माल आधी तीन ढिगांत वेगळा करा: नुसता ओला, मातीचा डाग पडलेला, बुरशी आलेला. पहिला ढीग त्याच दिवशी स्वच्छ पाण्यात, गढूळपणा संपेपर्यंत खळबळा, साबण त्यानंतर, मग सावलीत टाका. दुसरा ढीग छोट्या वस्तूंसाठी. तिसरा तपासायचा कसा? धागा दोन्ही हातांनी झटक्यानं ओढा. कुजका असेल तर आवाज न होता तुटतो. असं कापड विकायच्या वस्तूत घालू नका, ग्राहकाच्या हातात ते फाटलं की पुढच्या चांगल्या मालावरचाही विश्वास जातो.

आता माग. गाळात हात घालण्याआधी गमबूट आणि रबरी हातमोजे. त्या पुरानंतर केरळात लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाची) साथ आली होती, आणि साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेनं काम करणं हे तिचं मोठं कारण असतं. खड्ड्यात उतरण्याआधी लांब काठीनं चाचपा, साप असू शकतो. गाळ काढल्यावर लगेच सिमेंटचा गिलावा करायचा मोह आवरा. ओली भिंत बंद केली की तोच ओलावा पुढे सूत धरून ठेवतं.

लाकूड उन्हात ठेवू नका. बाहेरचा भाग आधी सुकतो, आतला ओला राहतो, आणि चिरा पडतात. सावलीत, वारा खेळेल तिथे, खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून आडवं ठेवा, वर वजन. सुकलं का हे कळायला यंत्र लागत नाही. एक पावडी रोज सकाळी त्याच काट्यावर तोला. तीन-चार दिवस वजन उतरलं नाही की लाकूड तयार. माग जोडताना चौकटीचे दोन्ही कर्ण फितीनं मोजा. त्यांत एक सेंटीमीटरचा फरक राहिला तरी ताण एका बाजूला जास्त बसतो, एक काठ ढिला पडतो, आणि विणकर आठवडाभर आपल्या हाताला दोष देत बसतो.

स्टीलची फणी गोड्या पाण्यानं धुऊन, मऊ ब्रशनं दाते उभे घासून, लगेच कोरडी करा. तेल लावलंत तर पूर्ण पुसा. मग पांढरं सूत दातांतून ओढून बघा. पिवळसर रेघ दिसली तर फणी अजून तयार नाही. पांढऱ्या मुंडूवर गंजाची उभी रेघ आली की अख्खा ताणा वाया.

मागावर राहिलेला ताणा खळ लावलेला असतो, ती दोन-तीन दिवसांत आंबते. तो वाचवायची धडपड करू नका. पण तो सगळा ओढूनही टाकू नका, ही चूक फार महागात पडते. फणीतून आणि धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या फासांतून गेलेले धागे मागच्या बाजूला वीतभर शिल्लक ठेवून कापा आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला गाठीनं जोडा. ५० इंच पन्ह्यात (रुंदीत) इंचाला ७२ धागे म्हणजे ३,६०० गाठी. मिनिटाला दहा बांधल्या तर सहा तासांत होतात. तेच धागे फासांतून आणि फणीतून पहिल्यापासून ओवायचे तर त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो, आणि एक धागा चुकला तरी पुढचं सगळं सरकतं. जोडलेला पहिला अर्धा-पाऊण मीटर टाकाऊ धरा, हिशेबात तो आधीच घाला.

पहिलं कापड कुठलं विणायचं, हा डिझायनरचा खरा प्रश्न. माझं उत्तर: साधी वीण, जाडसर सूत, १० ते १५ मीटरचा आखूड ताणा, रंग नाही. पंचा, टॉवेल, टेबलावरची पट्टी. बारीक सुताच्या जरकाठी मुंडूत मागाचा प्रत्येक दोष दिसतो, आणि दुरुस्त मागावरचं पहिलं कापड सदोष येणारच. जाड सुतात तो चालून जातो, हातात पैसे लवकर येतात, आणि माग कुठे अडतोय ते कळतं. बिनरंगी यासाठी की रंगारीही त्याच पुरात बुडालेला असतो.

प्रत्येक वस्तूला एक पान करा: पन्हा, लांबी, सुताचा नंबर (जाडी-बारीकपणा), इंचाला ताण्याचे आणि बाण्याचे (आडवे) धागे, वजन, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो, एका नगाला लागणारे तास, त्याची मजुरी. किती फरक चालेल तेही लिहा. हातमागाचं सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून माप धुण्याआधीचं की नंतरचं हे लिहिलं नाही तर माल परत येतो, आणि तो तोटा सोसायची ताकद त्या घरात उरलेली नसते. साठ नगांची ऑर्डर एका मागाला न देता दहा मागांना वाटा. निम्मे पैसे आधी द्या, कारण सूत उधारीवर मिळायचे दिवस ते नव्हेत. तारीख ठरवताना नेहमीच्या दीडपट दिवस धरा. घर धुणं, पंचनामा, रेशनची रांग, हे सगळं त्याच माणसाला करायचं असतं.

काही वेळा अडचण मागात नसतेच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या अजरख छपाईवाल्यांना (अजरख म्हणजे लाकडी ठशांनी नैसर्गिक रंगांत केलेली छपाई) पाण्यात लोह जास्त येऊ लागल्याचा त्रास झाला. अजरखमध्ये हिरडा असतो, लोह त्याच्याशी मिळून काळपट होतं, आणि तुरटीच्या आधारानं चढणारा लाल रंग मळकट दिसतो. असं कापड पुन्हापुन्हा भरपूर पाण्यात धुवावं लागतं, तेव्हा पाणी बिघडलं की धंदाच बिघडला. त्यातल्या अनेकांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पुनर्वसनाच्या नकाशात घरं आधी आखली जातात. कारागिरांच्या वस्तीत पाण्याचा नमुना त्याच्याही आधी तपासायला हवा. हिरड्यात बुडवून सुकवलेली कापडाची चिंधी त्या पाण्यात तासभर ठेवली, करडी पडली, की लोह आहे हे प्रयोगशाळेचा कागद येण्याआधीच कळतं.

शेवटचं काम पुढच्या पावसाआधीचं. काठांचे आलेख आणि जकार्डचे (नक्षी ठरवणारे, भोकं पाडलेले) पुठ्ठे सरळ वरून, क्रमांक दिसेल असे फोटो काढून तीन ठिकाणी ठेवा. पुठ्ठा भिजला की भोकं जुळत नाहीत आणि जुना काठ माणसाच्या आठवणीवर येऊन ठेपतो. ते फोटो विणकराच्या मालकीचे, त्याला न विचारता गिरणीच्या कापडावर छापायचे नाहीत. फण्या आणि सूत टांगायला छताखाली खुंट्या मारा. त्यांची उंची अंदाजानं ठरवू नका. मागच्या पुराची रेघ भिंतीवर आहे, चुना लावायच्या आत ती मोजून घ्या.