पैसा मना, कुलूप त्यासनं!

भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पैसे काढण्याचे नियम बदलायचं ठरवलं आणि आमच्या खान्देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. नोकरी सुटल्यावर आधी दोन महिन्यांनी खातं रिकामं करता यायचं. नव्या नियमांत ७५ टक्के लगेच, पण उरलेल्या २५ टक्क्यांसाठी बारा महिने थांबा. पेन्शनच्या पैशाला तर छत्तीस महिने. चाकणला नोकरी करणाऱ्या माझ्या पारोळ्याच्या भाच्याने एका ओळीत निकाल लावला: "मामा, पैसा मना, कुलूप त्यासनं!" म्हणजे पैसा माझा, कुलूप त्यांचं.

मी मेलबर्नला असतो. इथलं कुलूप पाहिलं तर भाचा हात जोडेल. सुपरॲन्युएशनच्या, म्हणजे इथल्या पीएफच्या पैशाला मोठं आजारपण किंवा खरीखुरी हलाखी असे मोजके अपवाद सोडले, तर साठीच्या आत हात लावता येत नाही. नोकरी बदलली, सुटली, काही झालं तरी नाही. कायमचा रहिवासी असल्यामुळे उद्या मी गाशा गुंडाळून जळगावला परतलो तरी नाही.

तरी इथे त्यावरून बोंबाबोंब होत नाही. माणसं जास्त शहाणी आहेत म्हणून नव्हे. २०२० मध्ये कोविडपायी सरकारने दार थोडं उघडलं, तर लोकांनी ३६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उपसली, आणि कित्येक तरुणांनी खाती धुऊन काढली. फरक नोकरी बदलताना दिसतो. पूर्वी इथेही प्रत्येक नोकरीगणिक नवं खातं निघायचं आणि विसरलेल्या खात्यांतले पैसे फी आणि विम्याचे हप्ते खाऊन टाकायचे. नोव्हेंबर २०२१ पासून नव्या माणसाने खातं सांगितलं नाही, तर मालकानेच कर खात्याकडे त्याचं जुनं खातं विचारायचं आणि पगाराच्या १२ टक्के त्यातच भरायचे. खातं माणसाच्या मागे येतं, माणसाला त्याच्या मागे धावावं लागत नाही.

आपल्याकडे यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांत एकच राहणारा पीएफचा क्रमांक, २०१४ मध्ये आला तो याच कामासाठी. पण चाकण-रांजणगावात गेलेली आपली पोरं ठेकेदार बदलतात, कंपनी बदलत नाहीत. गेट तेच, मशीन तेच, पीएफचा खाते क्रमांक मात्र नवा. एखादा ठेकेदार जुना यूएएन विचारायचीही तसदी घेत नाही, की झाला दुसरा यूएएन. मग पोरगा सुट्टीत गावी येतो, सायबर कॅफेवाला 'पीएफ काढून देतो' म्हणतो आणि दोन वर्षांची कमाई बोअरवेलमध्ये नाही तर बहिणीच्या लग्नात जाते. पैसे ट्रान्सफर कर, असं कॅफेवाला कशाला सांगेल? त्याचं कमिशन काढण्यात आहे.

हिशेब करून बघा. १५ हजार मूळ पगारावर कामगाराचे १,८०० आणि मालकाचे ५५० असे महिन्याला २,३५० पीएफमध्ये पडतात. मालकाचे उरलेले १,२५० पेन्शन योजनेत. दोन वर्षांत व्याजासकट साठेक हजार होतात. सध्याचा ८.२५ टक्के दर टिकला, तर हेच साठ हजार तीस वर्षांत साडेसहा लाखांच्या आसपास जातात. पाच वर्षांच्या आत काढले आणि रक्कम ५० हजारांच्या वर असली, तर १० टक्के टीडीएसही (आधीच कापला जाणारा कर) लागतो, कर लागत नसल्याचा फॉर्म (पूर्वीचा १५जी) भरला नसेल तर. पण खरी मेख पेन्शनची आहे. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. दर वेळी फॉर्म १०सी भरून ते पैसे काढले, की मागची वर्षं पुसली जातात. पंधरा वर्षं राबूनही पेन्शन शून्य!

अमळनेरात ज्यांनी विप्रोचे जुने शेअर मोडले नाहीत, त्यांच्या श्रीमंतीच्या गोष्टी आपण पारावर रंगवून सांगतो. पीएफ त्या वेगाने वाढायचा नाही, हे कबूल. पण न मोडण्याचा फायदा आपल्याला नव्याने शिकवायला नको.

म्हणून २५ टक्क्यांच्या कुलपावर मी फारसा चिडत नाही. भाच्याचा संशय मात्र मला पटतो. ज्याच्या पगारातून रक्कम कापली जाते पण पासबुकात दिसत नाही, ज्याच्या नावातल्या एका अक्षरापायी क्लेम परत येतो, त्याला 'म्हातारपणाचा विचार कर' सांगणं हा फुकटचा उपदेश आहे. सुधारणा झाली आहे: जानेवारी २०२५ पासून आधार जोडलेल्या बहुतेक ट्रान्सफरला मालकाची मंजुरी लागत नाही. तरी पैसे आपोआप ट्रान्सफर झाले नाहीत, तर अर्ज कामगारानेच करायचा. तो मालकाच्या गळ्यात घाला, मग कुलूप खुशाल लावा.

इथे १ जुलै २०२६ पासून पगार झाल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत पैसे खात्यात पोचवणं मालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची मुदत पूर्वीपासून आहे, आणि ठेकेदाराने भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ग्रुपवर एवढी चर्चा झाली, त्यात यावर एकही मेसेज नव्हता.